तोंड गोठलेल्या बाटल्या: केदारकंठ्याच्या वाटेवर नऊ गोंयकारांचं पाणी

पहाटेचे पावणेपाच झाले होते. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या शेवटच्या चढावर, बारा हजार फुटांच्या आसपास, आम्ही नऊ जण बर्फात थांबलो होतो. माझ्या बहिणीने पाणी मागितलं. मी पाठपिशवीच्या बाजूच्या कप्प्यातली बाटली काढून तिच्या हातात दिली. झाकण फिरेना. हातमोजे काढून जोर लावला तेव्हा कुठे ते फिरलं. बाटली तोंडाला लावली, पण थेंब पडेना. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर गळ्यात दोन बोटं जाडीचा बर्फाचा बूच घट्ट बसलेला. बाटली कानाशी धरून हलवली तर आत पाणी खळखळत होतं. अर्धीअधिक बाटली अजून पाणीच होती आणि ते पिता येत नव्हतं.

एकेकाने आपापल्या बाटल्या काढल्या. सगळ्यांची तीच गत. आमच्याजवळ मिळून सोळा-सतरा लिटर पाणी होतं आणि त्यातलं पिण्याजोगं फक्त अर्धा लिटर निघालं. ते फोंड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या थर्मासमध्ये होतं. बाईंनी थर्मासच्या झाकणात ओतून प्रत्येकाला दोन-दोन घोट दिले. त्या घोटांची वाफ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण डिसेंबर-जानेवारीत गोव्यातून उत्तरेच्या बर्फात जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि आपल्या अंगी या गोष्टीची जाण नाही. डिचोलीत थंडीच्या पहाटे पारा १८-२० अंशांवर आला की आपण गोधडी काढतो. आपल्याकडे पाणी गोठवायला पैसे मोजावे लागतात. ते आपोआप, आपल्याला नको असताना गोठतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं, हाताला ठाऊक नसतं.

आदल्या संध्याकाळी

सगळं बिघडलं ते आदल्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठच्या दरम्यान. पहाटे आम्हाला ते फक्त दिसलं.

२०२३ चा डिसेंबर सरत आलेला. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावातून, म्हणजे साधारण ६,४०० फुटांवरून, आम्ही निघालो. पहिला मुक्काम जुडा का तालाबला झाला. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास सव्वाअकरा हजार फुटांवरच्या तळावर पोचलो. ऊन सुरेख होतं, समोर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ दिसत होते. अंगातलं जाकीट काढून बसावं इतकं बरं वाटत होतं. पहाटे तीनला निघायचं होतं, तेव्हा अंधारात धांदल नको म्हणून मी सर्वांना सांगितलं, आत्ताच बाटल्या भरून ठेवा. झऱ्याचं पाणी हाताला चावत होतं, म्हणजे शून्याच्या जेमतेम वर असणार. त्याच पाण्याने चार वाजता सगळ्या बाटल्या काठोकाठ भरून आम्ही पिशव्यांच्या बाजूच्या कप्प्यांत खोचल्या. पिशव्या तंबूच्या बाहेरच्या पडव्यात ठेवल्या, कारण आत जागा नव्हती.

रात्री साडेसातला जेवण झालं. स्वयंपाकाच्या तंबूत मोठ्या पातेल्यात गरम पाणी उरलं होतं. त्या पाण्याने आम्ही हात धुतले. काहींनी ताटंही धुतली. मागाहून सर्वांत जास्त टोचली ती ही गोष्ट. जे पाणी बाटल्यांत जायला हवं होतं ते आम्ही बर्फावर ओतलं, आणि थंडगार पाणी जपून भरून ठेवलं.

सहलीच्या आयोजकांनी निघताना गरम पाणी मिळेल असं सांगितलं होतं. पहाटे अडीचला चहा आला, गरम पाणी आलं नाही. चुलीवर गॅस मंद जळत होता. मी विचारलंही नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे बाटल्या भरलेल्या होत्या.

कोणाकडे काय होतं तेही सांगतो. पाच जणांकडे दुकानात मिळतात तसल्या पातळ प्लास्टिकच्या लिटरच्या बाटल्या, दोघांकडे एकपदरी स्टीलच्या, माझ्याकडे सायकलवाल्यांची अरुंद तोंडाची. भाच्याकडे पाठीवर अडकवायची दोन लिटरची पाण्याची पिशवी होती, तिला खांद्यावरून तोंडापर्यंत येणारी नळी. गोव्यात सोसोगडावर जाताना ती नळी म्हणजे चैन असते, चालता चालता घोट घेता येतो. इथे निघाल्यावर अर्ध्या तासात ती कडक झाली, वाकवली तर कटकट वाजायची. सबंध नळीत मिळून मूठभरही पाणी नसतं आणि ते मीटरभर लांबीवर वाऱ्यात पसरलेलं असतं. सर्वांत आधी तेच गोठणार. त्याच्या पाठीवर मात्र उरलेलं दोन लिटर पाणी अंगाच्या उबेने शेवटपर्यंत पाणीच राहिलं होतं. हे आम्हाला खाली उतरल्यावर पिशवी उघडली तेव्हा कळलं.

पहाटे बर्फात थांबलो तेव्हा वाटाड्याच्या थर्मामीटरवर उणे १० अंश होते, वाराही होता.

पुढचं थोडक्यात. भाच्याने तहान लागली म्हणून बर्फ खाल्ला, तीन-चार मुठी. ओठ बधिर झाले, दात वाजायला लागले, तहान काही भागली नाही. बहिणीचं डोकं निघाल्यापासूनच जड होतं, ते वाढलं. पाणी न प्यायल्यानेही डोकं दुखतं आणि उंचीनेही दुखतं, आणि त्या जागी उभं राहून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. अशा वेळी उंचीचाच त्रास आहे असं धरून खाली उतरायचं. मी, बहीण आणि एक वाटाड्या तिथूनच परतलो. वाटाड्याने तिची बाटली स्वतःच्या जाकिटात, काखेपाशी धरली होती. तळावर पोचेपर्यंत बूच सैल होऊन सुटला. गरम पाण्यात मीठ-साखर घालून तिला तीन पेले प्यायला दिलं, दुपारपर्यंत डोकं हलकं झालं. बाकीचे सहा जण माथ्यावर जाऊन आले. भाचा त्यांच्यात नव्हता. तोही मागून दुसऱ्या वाटाड्याबरोबर उतरला.

काकांचा भुसा

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी मालीमला काकांकडे गेलो. काकांनी जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलं आहे. ट्रॉलरवाल्यांना लाद्या पुरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, आमचा डबा बघितलास ना तू लहानपणी? लादी कुठून धरते? मधून नाही धरत. कडेने धरते, मध्य सगळ्यात शेवटी."

बर्फाच्या कारखान्यात पत्र्याचे उभे डबे पाण्याने भरून मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. ते मिठाचं पाणी उणे ८-१० अंशांवर असतं आणि स्वतः गोठत नाही. डब्यातलं गोडं पाणी चारी बाजूंनी आत धरत जातं. विरघळलेली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात, म्हणून लादीच्या मध्यावर पांढरी रेघ दिसते. तिथलं पाणी सर्वांत उशिरा गोठलेलं असतं. काकांच्या म्हणण्यानुसार आमची बाटली म्हणजे त्यांचा लहानसा डबा. ती चारी बाजूंनी धरणार, आणि सर्वांत बारीक जागा, म्हणजे गळा, आधी भरणार.

मग ते म्हणाले ते मला फार मोलाचं वाटलं. "लादी घरी न्यायची तर आम्ही काय करायचो? भुसा आणि गोणपाट. लादी वितळू नये म्हणून. तू तेच गोणपाट पाण्याला गुंडाळ, पाणी गोठणार नाही. भुशाला काय कळतं, थंडी आत ठेवायची की बाहेर?"

मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या आपण रोज बघतो. त्या पेटीत बर्फ टिकतो ते पेटी थंड असते म्हणून नाही, तर पेटी उष्णतेला सावकाश जाऊ देते म्हणून. उष्णता आत येत असो की बाहेर जात असो, पेटीला दोन्ही सारखंच. जो माणूस भर एप्रिलमध्ये मालीमहून वाळपईपर्यंत बर्फ नेतो त्याला केदारकंठ्यावर पाणी राखण्याचं शास्त्र आधीच येत असतं. त्याला ते कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

काकांच्या मुलाकडे गोठवलेली मासळी ठेवायचा डीप फ्रीझर आहे, काट्यावर उणे १८. बाई आणि मी त्यात चार बाटल्या ठेवल्या, चारही एक लिटरच्या, जाड प्लास्टिकच्या. पहिली साध्या पाण्याची, उभी. दुसरी तशीच, पण उलटी, झाकण खाली. तिसरीला जुन्या योगासनांच्या चटईचा तुकडा गुंडाळून चिकटपट्टी मारलेली. चौथीलाही तसंच गुंडाळलेलं, पण आत उकळून जरा निवलेलं पाणी.

साडेतीन तासांनी उघडून पाहिलं. पहिलीच्या गळ्यात बूच बसायला लागला होता. दुसरीत बर्फ धरला होता, पण तो वर, म्हणजे बाटलीच्या बुडाकडे. सरळ करून झाकण उघडलं तर पाणी लगेच आलं. तिसरीत बर्फ नव्हता. चौथी अजून कोमट होती. रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी पहिली जवळजवळ दगड झाली होती, मधोमध बोटभर पाणी. दुसरीचंही तोंड धरलं होतं. उलटी ठेवल्याने वेळ मिळतो, सुटका होत नाही, हे तिथे कळलं. तिसरीच्या कडांना बर्फ, मध्ये पाणी. चौथीतलं पाणी थंडगार होतं, पण त्यात बर्फाचा कणही नव्हता.

फ्रीझरमध्ये वारा नसतो, हे लक्षात ठेवायचं. वाऱ्याने बाटली हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण त्याच तापमानाला कितीतरी लवकर पोचते. आमच्या बाटल्या पिशवीच्या बाजूला, नेमक्या वाऱ्यात होत्या.

ऐंशीचा हिशेब

उलट्या बाटलीचं कारण बाईंनी फळ्यावर सांगावं तसं सांगितलं. दहावीपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं पाण्याचं असंगत आचरण. गार होताना पाणी ४ अंशांपर्यंत आकसतं, जड होऊन तळाला जातं. ४ च्या खाली उलट फुगतं, हलकं होऊन वर येतं. गोठल्यावर तर सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात ते यामुळेच. बाटली उभी असेल तर वरची बाजू म्हणजे तिचं तोंड. उलटी केली की वरची बाजू म्हणजे बूड. बर्फ तिथे धरू दे, झाकणापाशी पाणी राहतं. ९ टक्के फुगतं म्हणूनच बाटली काठोकाठ भरायची नाही, वर दोन-तीन बोटं हवा सोडायची. आमच्यातल्या एकाची स्टीलची बाटली बुडाशी फुगून टेबलावर डगमगायला लागली, ती याच चुकीने.

दुसरा हिशेब मला जास्त आवडला, कारण तो बोटांवर मांडता येतो. एक लिटर पाणी एक अंश गार व्हायला एक किलोकॅलरी उष्णता जावी लागते. शून्याला पोचलेलं पाणी पुरतं गोठायला त्यातून आणखी ८० किलोकॅलरी जाव्या लागतात. हाच तो अप्रकट उष्मा. आता बघा. झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या आमच्या बाटलीत शून्याला यायला दोन-तीन किलोकॅलरीच शिल्लक होत्या, म्हणजे गोठणं जवळजवळ भरल्या क्षणी सुरू झालं. तीच बाटली ८५ अंशांच्या पाण्याने भरली असती तर गोठायला सुरुवात होण्यापूर्वीच ८५ किलोकॅलरी जाव्या लागल्या असत्या. त्या उंचीवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, म्हणजे ८५ सहज मिळतं. एक लिटर शून्याचं पाणी सबंध गोठवायला जितकी उष्णता काढावी लागते, त्याहून जास्त उष्णता आपण फुकट बाटलीत भरून नेऊ शकतो. तीच उष्णता आम्ही हात धुवायला वापरली.

गरम वस्तू लवकर निवते, हेही खरं. म्हणून भुसा हवाच. गरम पाणी आणि गुंडाळी ही जोडी आहे, एकटं कोणी पुरत नाही.

थर्मासमध्ये दोन भिंतींमधली हवाच काढून टाकलेली असते. उष्णतेला वाहून न्यायला मध्ये काही नसतं. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये अतिथंड द्रवरूप वायू राखण्यासाठी ही रचना केली. तीसुद्धा मुळात थंड जपण्यासाठीच, काकांच्या भुशासारखी. थर्मासची उष्णता जाते ती मुख्यतः गळ्यातून आणि झाकणातून. म्हणून अरुंद गळ्याचा, जाड झाकणाचा थर्मास घ्यावा, आणि झाकणावर बटण दाबून ओतायची सोय नसलेला. त्या बटणाखालची बारीक वाट गोठते.

जे उपयोगाचं नाही

लोकांनी सुचवलेले तीन उपाय आम्ही पारखून पाहिले, आणि तिन्ही बाजूला ठेवले.

पहिला, पाण्यात ओआरएस किंवा साखर-मीठ घालायचं म्हणजे गोठणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि तेही उणे १.९ अंशाला गोठतं. ओआरएस त्याहून कितीतरी फिकं असतं. त्याने गोठणबिंदू जेमतेम अर्धा अंश खाली जातो. पहाटेच्या उणे १० पुढे त्याला अर्थ नाही. ओआरएस प्यावं ते अंगासाठी.

दुसरा उपाय आमच्यातल्या एकाने मनापासून सुचवला, आणि गोव्यात तो कोणीतरी सुचवणारच, म्हणून स्पष्ट लिहितो. फेणी. ती त्या थंडीत गोठत नाही हे खरं. पण ती तहान भागवत नाही, लघवी वाढवून उलट पाणी घालवते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला ऊब वाटते आणि त्याच वेळी अंगातली ऊब बाहेर जात असते. शिवाय न गोठलेली म्हणजे गरम नव्हे, बाहेर उणे १० असेल तर तीही उणे १० च असते, आणि तसा घोट ओठांना व घशाला इजा करू शकतो. आम्ही नियम केला आहे, सांकरीच्या पुढे ती न्यायची नाही.

तिसरा, बर्फ खाणे. एक किलो बर्फ वितळवायला ८० आणि ते पाणी अंगाच्या तापमानाला आणायला आणखी ३७, म्हणजे ११७ किलोकॅलरी. पेलाभर पाण्याएवढा बर्फ खाल्ला तर तिशीच्या आसपास. कागदावर लहान दिसतं, पण ती उष्णता पोटातून, आधीच कुडकुडणाऱ्या शरीरातून जाते. आणि ताजा भुसभुशीत बर्फ दहा लिटर घेतला तर लिटरभर पाणी होतं, म्हणजे मूठभर बर्फात घोटभरही नाही. बर्फ वितळवायचा तो चुलीवर, पातेल्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घालून. नुसता कोरडा बर्फ घातला तर तळ करपल्याचा वास पाण्याला लागतो.

तहानेबद्दल एक सांगायला हवं, कारण आमच्या प्रकरणाची खरी कड तिथे आहे. थंडीत तहान कमी लागते. घाम दिसत नाही. पण कोरडी हवा श्वासागणिक अंगातलं पाणी घेऊन जाते, तोंडासमोर दिसणारी वाफ म्हणजे तेच. थंडीत लघवीही जास्त होते. आदल्या दुपारपासून आमच्यातल्या बहुतेकांनी दोन कप चहावर काढलं होतं, कारण कोणाला तहानच नव्हती. गोव्यात मे महिन्यात चढताना आपण घसा सुकायच्या आधी पितो. इथे घसा सुकतच नाही, म्हणून घड्याळ बघून प्यावं लागतं.

दुसरी खेप

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो, या वेळी अकरा जण. बहीण होती, भाचा होता, बाई होत्या. आयोजक दुसरे होते, आणि त्यांच्याशी ठरवताना मी पहिलंच विचारलं ते जेवणाचं नाही, गॅसचं. रात्री जेवणानंतर माणशी दोन लिटर उकळतं पाणी लागेल, त्याच्या जादा गॅसचे पैसे आम्ही देऊ, असं आधी ठरवून घेतलं. थंडीत सिलिंडर मंद का होतो हेही आता माहीत होतं. त्यातल्या ब्युटेनचा उत्कलनबिंदूच उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो, थंडी वाढत गेली की त्याची वाफ कमी कमी होत जाते. स्वयंपाक्याला ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने सिलिंडर कोमट पाण्याच्या परातीत उभा केला, ज्योत लगेच उंचावली.

प्रत्येकाकडे एक थर्मास आणि एक रुंद तोंडाची, गरम पाणी चालणारी जाड बाटली होती. विकतच्या पाण्याच्या पातळ बाटलीत उकळतं पाणी घातलं तर ती आकसून वाकडी होते, त्यामुळे तिला या कामात जागा नाही. रुंद तोंडाला बूच बसायला वेळ लागतो, बसलाच तर चमच्याच्या दांड्याने फोडता येतो. झाकण जाड हातमोजे घालून फिरवता येईल असं पाहिजे. हे दुकानातच हातमोजे घालून बघावं. म्हापशाच्या दुकानदाराने जरा नवलाने बघितलं, पण बघू दिलं. गुंडाळी योगासनांच्या चटईची, तिच्यावर जुन्या स्वेटरची बाही शिवून घातलेली. लोकरीचं काही गोव्यात पटकन मिळत नाही, पण घराघरात वापरात नसलेला एखादा स्वेटर असतोच.

रात्री साडेआठला रांग लावून बाटल्या आणि थर्मास भरले. थर्मासमध्ये आधी थोडं उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवलं, मग ते ओतून पुन्हा भरलं, म्हणजे आतली भिंत गरम होते आणि भरलेल्या पाण्याची उष्णता तिच्यात जात नाही. गुंडाळीतल्या बाटल्या झोपायच्या पिशवीत पायांशी घेतल्या. त्याने पायही रात्रभर उबदार राहिले, एका उष्णतेची दोन कामं झाली. स्वयंपाक्याने झोपण्यापूर्वी पातेलं पाण्याने भरून झाकून ठेवलं. पहाटे त्यावर बर्फाची पापुद्र्याएवढी ताटली होती, पण चूल पेटवली की काम सुरू, अंधारात झऱ्यावर जायला नको. बर्फात बाटल्या पुरून ठेवण्याची युक्तीही वाटाड्याने दाखवली. हातभर खोल खड्डा, बाटल्या उलट्या, वर बर्फ आणि खुणेची काठी. बर्फात अडकलेली हवा म्हणजे भुसाच, खाली वरच्या हवेइतकी थंडी नसते. आमच्या तीन बाटल्या तशा राहिल्या, सकाळी पाणी होतं. काठी मात्र हवीच, नाहीतर पहाटे सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं.

चालताना बाटल्या पिशवीच्या आत, पाठीला लागून, उलट्या, कपड्यांमध्ये. दर अर्ध्या तासाला वाटाड्याची शिट्टी, प्रत्येकाने तीन-चार घोट घ्यायचेच, तहान असो-नसो. थर्मासमधलं पाणी पहाटे साडेपाचलाही जीभ भाजेल इतकं गरम होतं, ते थेट पिता येईना. मग बाईंनी जो मार्ग काढला तो आता आमचा कायमचा आहे. बाटलीतलं पाणी गारठत आलं की थर्मासमधलं थोडं त्यात ओतायचं. पिण्यासारखं कोमटही होतं आणि बाटलीचं गोठणं पुन्हा तासभर पुढे जातं. थर्मास म्हणजे पाण्याचा साठा नाही, उष्णतेचा साठा आहे, असं त्या म्हणतात.

अकराच्या अकरा जण माथ्यावर पोचलो. बहिणीने वर बसून पेलाभर कोमट पाणी प्यायलं. तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तरीही दोन गोष्टी चुकल्या. एकाने पाणी गाळायची पोकळ तंतूंची गाळणी आणली होती, ती रात्री बाहेरच्या कप्प्यात राहिली. ओली गाळणी गोठली की आतले तंतू तडकतात आणि बाहेरून काही दिसत नाही, पाणी पूर्वीसारखंच येतं, फक्त गाळलं जात नाही. ती टाकून दिली. थंडीत गाळणीही बाटलीसारखीच झोपायच्या पिशवीत घ्यायची.

दुसरी जास्त गंभीर होती. एका मुलाच्या बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं. रबराच्या कड्यावर चहापत्तीचा कण अडकला होता. रात्री दोनला तो ओल्या पिशवीत जागा झाला. पिशवीतली पिसं भिजली की ऊब संपते. सुदैवाने निघायची वेळ झालीच होती, त्याला कोरडे कपडे घालून चुलीपाशी बसवलं. पण हे पहिल्या झोपेत, अकरा वाजता झालं असतं तर ती रात्र त्याला भारी गेली असती. उलटी बाटली हा आमच्या पद्धतीचा कणा आहे आणि तिचाच हा धोका आहे. भरल्यावर झाकणाचे आटे आणि रबर कोरड्या कापडाने पुसायचे. ओल्या आट्यांवर झाकण बसवलं तर तेही गोठून चिकटतं.

या डिसेंबरला येणाऱ्यांनी बाटली दिवाळीपूर्वी घ्यावी. घरी उकळतं पाणी भरून, झाकण घट्ट करून, ती रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवावी. एका रात्रीने भागत नाही, सलग तीन रात्री ठेवावी, कारण गरम पाण्याने रबर सैल होतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दिसतं. कागदावर रुपयाएवढाही ओला डाग आला तर ती बाटली सोसोगडावर न्यावी, सांकरीला आणू नये.